किंचित फुगलेला नकाशा

लातूरच्या चौकांत रिपीटर बॅचची होर्डिंगं चढली की माझा उन्हाळा सुरू होतो. मी राहते नांदेडला, शिकवते नांदेडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र, आणि उन्हाळा मोजते लातूरच्या होर्डिंगांवर. कारण माझी आजवरची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी तिथे एका क्लासमध्ये नोकरी करते. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना जीवशास्त्र शिकवते.

हे सांगितलं की लोक म्हणतात, लातूरला म्हणजे चांगलंच झालं की. झालंच. पगार माझ्याहून बरा आहे, क्लासवाले वेळेवर देतात, पोरं तिला देवासारखं मानतात. यात वाईट काय, असं कुणी विचारलं तर एका वाक्यात उत्तर देता येत नाही. एक अख्खा उन्हाळा सांगावा लागतो, आणि लोकांना तेवढी फुरसत नसते.

तो उन्हाळा आमच्या प्रयोगशाळेत तुरीचा होता. तुरीचा दाणा उगवायच्या वेळेसाठी स्वतःजवळ शिदोरी बांधून ठेवतो. ती शिदोरी म्हणजे एक मोठं प्रथिन. आपण वरणातून तेच खातो. तीन बायकांनी अंगणात पाठीला पाठ लावून बसावं तसे त्याचे तीन सारखे तुकडे एकमेकांना टेकून असतात. ते कुठे घट्ट आहेत आणि कुठे सैल, हे कळलं असतं तर काहींच्या पोटाला तूर का सोसत नाही, हे समजायला मदत झाली असती. आमच्या नात्यागोत्यात याचा अर्थ 'बाई गॅसवर संशोधन करतात' असा पोचला होता, आणि लग्नाच्या पंगतीत वरण वाढताना माझ्याकडे बघून हसायची पद्धत पडली होती.

प्रथिन डोळ्यांना दिसत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. त्याचा आकार काढायच्या मोजक्या वाटा आहेत. एक वाट जुनी. प्रथिनाचा स्फटिक करायचा, म्हणजे शाळेच्या कवायतीत पोरं उभी करतात तसे असंख्य रेणू एका रांगेत, एका अंतरावर बसवायचे, आणि त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे. दुसरी वाट नवी आणि महाग. प्रथिनाचं पाणी क्षणात गोठवायचं आणि त्या बर्फात कसेही पडलेले रेणू इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकाखाली टिपायचे. हजारो धुरकट फोटो एकावर एक बसवून संगणक त्यांचा एक नकाशा काढतो. पहिली वाट आमच्यासारख्यांना परवडते. दुसरीचं यंत्र देशात ठरावीक ठिकाणीच आहे. त्यातल्या एका मोठ्या संस्थेशी आमचा करार होता. स्फटिक आमचा, नकाशा त्यांचा, दोन्ही एकमेकांत बसवून पाहायचे आणि शोधनिबंध दोघांनी मिळून लिहायचा. पहिल्या लेखकाचा मान त्यांचा एक विद्यार्थी आणि आमची नाझनीन यांनी वाटून घ्यायचा.

नाझनीन इतवाऱ्यातली. वडिलांचं गादीघर. दुकानात कापूस पिंजायचं यंत्र, वर माळ्यावर घर. ती प्रयोगशाळेत आली तरी केसांत एखादी कापसाची तूस असायचीच. मी म्हणायची, "अगं, झाडून येत जा. तो कापूस माझ्या थेंबात पडला तर त्याचाच आकार निघायचा." ती म्हणायची, "निघू द्या मॅडम. अब्बूच्या दुकानाचं नाव होईल."

स्फटिक तिनेच वाढवला. सांगायला सोपं आहे. एका थेंबात प्रथिन, शेजारी मिठाचं पाणी, वर काचेचं झाकण, आणि वाट बघायची. थेंबातलं पाणी हळूहळू उडतं, प्रथिन दाटतं, आणि दैव बरं असेल तर साखरेच्या कणाएवढा स्फटिक धरतो. खोलीचं तापमान हललं की सगळं गढूळ. नांदेडच्या मे महिन्यात तापमान हलू न देणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच माहीत. दुपारी वीज गेली की नाझनीन थेंबांचे ट्रे उचलून थर्माकोलच्या पेटीत ठेवायची, पेटीवर ओलं गोणपाट टाकायची आणि जनरेटरवाल्याला फोन लावायची. "दादा, तुमचं डिझेल संपलं म्हणू नका. इथं माझी दोन वर्षं विरघळून राहिली." तिकडून तो म्हणायचा, "ताई, मी काय मुद्दाम करून राहिलो का?"

स्फटिक धरला तेव्हा तो गोठवायला द्रव नायट्रोजन हवा होता. नेहमीच्या पुरवठादाराने ऐन उन्हाळ्यात हात वर केले. आमच्या भागात हा नायट्रोजन आणखी एकाच ठिकाणी नेमाने येतो, जनावरांच्या दवाखान्यात. तिथे गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी वळूच्या वीर्याच्या कांड्या त्यात बुडवून ठेवतात. नायगावच्या दवाखान्यात नाझनीनच्या मामाची ओळख निघाली. आम्ही दोघी रिकामा डबा घेऊन एसटीने गेलो.

तिथल्या कंपाउंडरने डब्यात डोकावून विचारलं, "काय ठेवायचंय बाई यात? खिलार का देवणी?"

"तूर," नाझनीन म्हणाली.

"तूर? डाळ?"

"हाव. डाळीतलं एक प्रथिन."

त्याने मोठं पिंप कलतं केलं. मग नायट्रोजन ओतता ओतता म्हणाला, "बघा बरं बाई, कांड्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. न्हाई तर तिकडं पुण्या-मुंबईला डाळीला शिंगं फुटायची." पांढरा धूर त्याच्या पायांवरून दारापर्यंत लोळत गेला. बाहेर बांधलेल्या गाईने मान वळवून बघितलं. नाझनीन इतकी हसली की तिला डबा धरवेना, आणि शेवटी तो मी धरला.

अशा उचापतींतून केलेल्या स्फटिकाचा आकार आमच्या हातात आला तेव्हा तो नेटका होता. अणू कुठे आहे हे बोट ठेवून सांगता येत होतं. आणि मग मे महिन्याच्या सुरुवातीला संस्थेचा नकाशा आला.

दोन वेगळ्या पद्धतींनी काढलेली एकाच वस्तूची माहिती जुळवणं, हे माझं खरं काम. त्याला कुणी फारसं काम समजत नाही. लोकांना वाटतं फाईल उघडली, दुसरीवर ठेवली, झालं. आमच्या शेताच्या वाटणीच्या वेळी निजामाच्या काळातला उर्दू कागद होता, नंतरचा सर्व्हे नंबर होता, आताचा गट नंबर होता. बांध एकच, पण तिन्ही कागद शेजारी ठेवले तर शेतं तीन वाटावीत. प्रथिनांचंही तसंच चालतं. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. दाण्यात ते तयार होतं तेव्हा त्याला एक शेपूट असतं. ते पुढे कापलं जातं. आम्ही मोजायला सुरुवात शेपटानंतर केली होती, त्यांनी शेपटासकट. त्यामुळे आमचा शंभरावा मणी त्यांच्याकडे वेगळ्याच नंबरवर. आमचा शून्य स्फटिकाच्या कोपऱ्यात, त्यांचा शून्य चित्राच्या चौकटीत. ते 'स्पष्टता' म्हणतात ती एका गोष्टीची, आम्ही म्हणतो ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि दोघे आकडा मात्र एकाच मापात सांगतात. हे सगळं एका भाषेत आणायचं आणि मगच एकावर एक ठेवायचं. नाझनीनने ते निमूटपणे केलं. त्यांच्या विद्यार्थ्याला जे वेळखाऊ वाटलं होतं, ते तिने चहा गार व्हायच्या आत लिहून काढलं असं मी म्हणणार नाही, पण आठवडाही लागला नाही.

आणि तरीही बसेना.

मधला भाग नीट बसायचा, कडा बाहेर राहायच्या. एक कड धरली की समोरची सुटायची. मापाला थोड्या मोठ्या उशीवर जुना अभ्रा चढवून बघावा तसं. नाझनीन दिवसभर पडद्यासमोर बसून ते दोन आकार फिरवत असायची, एक निळा, एक पिवळा. एकदा तिचे वडील डबा द्यायला आले. दारातच उभे राहिले. मागे उन्हाने कॉरिडॉर पांढरा पडलेला.

"मॅडम, पोरगी ह्या डब्यात दिवसभर काय बघून राहती?"

"दोन चित्रं आहेत चाचा. एकमेकांत बसत नाहीत."

त्यांनी चष्मा वर करून पडद्याकडे बघितलं आणि हात झटकले. "मग बसत न्हाई तर राहू द्या की. जबरदस्ती कशाला?" आणि तिला म्हणाले, "जेवून घे आधी. चित्र कुठं पळून जात न्हाई."

जबरदस्ती संस्थेने केली. तिथली रीतच तशी. नकाशा त्यांच्या यंत्रातून निघालेला, म्हणजे नकाशा खरा. त्यात रेणू बसत नसेल तर रेणू सैल करायचा. संगणकाला सांगायचं की सांधे जरा ओढ, बंध जरा ताण, पण नकाशा भर. संगणक सांगकाम्या. त्याने आमच्या तुरीचे हातपाय ओढून नकाशात कोंबले आणि आकडे छान दाखवले. तिकडच्या सरांनी व्हिडिओ कॉल लावला. सर बोलायला फार गोड.

"अहो मॅडम, स्फटिकात रेणू दाटीवाटीने बसलेले असतात. दबणारच. आमचा रेणू मोकळ्या पाण्यात आहे. त्याचा खरा आकार हाच."

मी काही बोलायच्या आत शेजारून नाझनीन म्हणाली, "सर, दाबला गेला असता तर एखाद्या बाजूने दाबला गेला असता. हा सगळीकडून सारखाच लहान आहे. चहूबाजूंनी सारखं कोण दाबतं?"

पडद्यावर क्षणभर कुणी हललं नाही. मला वाटलं नेट गेलं.

"कोण बोललं?" सरांनी विचारलं.

"नाझनीन. स्फटिक तिचा आहे, सर."

"अच्छा, अच्छा. छान प्रश्न आहे."

मोठ्या संस्थांत 'छान प्रश्न' म्हणजे बस खाली, हे मला माहीत होतं. नाझनीनला नव्हतं. ती खूश होऊन उत्तराची वाट बघत बसली. उत्तर आलं नाही, तेव्हा तिने स्वतःच शोधलं, आणि आमच्या स्फटिकाला हातही न लावता शोधलं. ते मला अजून आवडतं. प्रथिनांच्या आत ठिकठिकाणी स्प्रिंगसारखे पीळ असतात. त्या स्प्रिंगच्या एका वेढ्यापासून पुढच्या वेढ्यापर्यंतचं अंतर जगभर सारखं. तुरीत तेवढंच, माणसाच्या रक्तात तेवढंच, डबक्यातल्या जंतूतही तेवढंच. नाझनीनने त्यांच्याच नकाशातला प्रत्येक पीळ मोजला. प्रत्येक ठिकाणी अंतर किंचित जास्त भरलं. असा पीळ निसर्गात नसतो. म्हणजे रेणूत खोट नव्हती. नकाशाची मोजपट्टीच फुगलेली होती.

झालं होतं असं. यंत्रावर लिहिलेलं असतं की अमुक पट मोठं दिसेल. प्रत्यक्षात ते थोडं कमीजास्त असतं. म्हणून माहीत असलेली एखादी वस्तू त्याखाली ठेवून यंत्राची खरी पट्टी ठरवायची असते. त्यांनी यंत्रावरचा आकडा तसाच फाईलमध्ये भरला होता. झेरॉक्सवाल्याच्या मशीनवर सातबारा किंचित मोठा निघाला म्हणून शेत वाढत नाही. इथे मात्र शेत वाढलं असं धरून बांध सरकवायचं चाललं होतं.

तिने पट्टी बदलली, नकाशा तेवढाच आवळला आणि आमचा स्फटिकातला रेणू त्यात सोडला. कुठेही ताण न देता, ओढ न देता, सगळ्या कडा आत गेल्या. दुपार होती. वीज होती, कूलर घरघरत होता. कीबोर्डचा आवाज थांबला, तशी मी टेबलावरून उठून तिच्यामागे गेले. निळं आणि पिवळं मिळून एकच दिसत होतं.

"बसलं मॅडम."

"फिरव."

तिने फिरवलं. मागूनही बसलं होतं.

"एकदम बसलं," ती म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. मी तिला म्हटलं, रडायचं असेल तर कीबोर्ड बाजूला कर. मग खाली जाऊन दोघींनी गाडीवर तिखटमीठ लावलेली कैरी खाल्ली. उन्हात उभं राहून. मी या सगळ्यातली तेवढी एकच गोष्ट कडवटपणा न येता आठवू शकते, आणि तीही आंबट.

त्या वेळी तिचं काय पणाला लागलेलं होतं, ते सांगायला हवं. उत्तरेकडच्या एका संशोधन संस्थेत तिला जागा मिळणार होती. त्यांची अट एकच, निबंध छापून यावा आणि त्यावर तिचं नाव लेखक म्हणून पहिल्या ओळीत असावं. दुसरीकडे लातूरच्या क्लासने तिला बोलावलं होतं. जूनमध्ये नवी बॅच सुरू होणार, त्याआधी हो किंवा नाही सांगा. नाझनीन रोज म्हणायची, "क्लासला नाही म्हणून टाकू का?" मी रोज म्हणायची, "थांब, निबंध हातात येऊ दे." चाचा म्हणायचे, "मॅडम, हा पेपर म्हणजे परीक्षाच ना? मग पास-नापास कधी कळतं?"

आम्ही सगळं लिहून पाठवलं. पट्टी कशी चुकली, पिळांचं माप काय, स्फटिक कसा बसला, आणि दुसऱ्या कुणाला जुळवायचं झालं तर कोणत्या क्रमाने जुळवावं. उत्तर लगेच आलं. 'अतिशय उपयुक्त.' त्यानंतर शांतता. जून आला, तेव्हा नाझनीनने क्लासकडून पुढच्या बॅचपर्यंतची मुदत मागून घेतली.

मग हिवाळ्यात निबंध आला. छापून आला. आम्हाला कळलं तेही दुसऱ्यांकडून. नकाशा होता, योग्य मापाचा. 'पट्टीची खातरजमा करण्यात आली' असं एक वाक्य होतं, कुणी केली ते नसलेलं. पाण्यातल्या प्रथिनावर क्ष-किरण टाकून मोजणाऱ्या, आम्ही कधी न ऐकलेल्या एका तिसऱ्याच गटाची नावं होती. संगणकाने नुसत्या अंदाजाने काढलेला आकारसुद्धा शेजारी छापला होता, आणि तो किती छान जुळतो म्हणून कौतुक होतं. आमचा स्फटिक नव्हता. नाझनीनचं नाव शेवटी आभारात होतं, यंत्राला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीच्या खाली.

मी फोन केला.

"मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," सर म्हणाले. "नकाशा आता स्वतःच्या पायावर उभा आहे. स्फटिकाने त्यात वेगळी भर पडत नव्हती."

"सर, भर पडत नाही कारण तो जुळतोय. आणि जुळतोय कारण तिने जुळवलाय."

"मान्य आहे ना. म्हणून तर आभार मानलेत."

मासिकाला लिहिलं. लेखक कोण हे लेखकांनी आपसात ठरवायचं, असं त्यांनी कळवलं. स्फटिकाचा वेगळा निबंध पाठवून पाहिला. तो परत आला. कारण, या प्रथिनाचा आकार आता माहीत आहे. उत्तरेकडची संस्था थोडे दिवस थांबली आणि त्यांनी दुसऱ्याला घेतलं. त्यांचंही चूक म्हणता येत नाही.

माझा या धंद्याबद्दलचा राग तेव्हापासूनचा आहे आणि तो वयाने कमी होत नाही. दोन बाजू जुळत नसतात तेव्हा दोघांना तुमची गरज असते. जुळल्या की सांधा दिसत नाही, आणि काम जितकं चोख तितका तो कमी दिसतो. चाचांच्या गादीला निदान टाके वरून दिसतात. दोरा कुणी ओवला ते गिऱ्हाईक विचारत नसेल, पण टाका घातलाय हे तरी त्याला माहीत असतं. मी दरवर्षी नव्या पोरांना हे जुळवायचं काम शिकवते. शिकवताना स्वच्छ सांगते की हे मन लावून करायचं असेल तर आधी कागदावर नाव ठरवून घ्या. पोरांना वाटतं मॅडम व्यवहारी आहेत.

नाझनीन रडली नाही. तिने लातूरला हो कळवलं. निघताना ट्रे धुऊन पालथे घालून ठेवले, नायट्रोजनचा डबा पुसून जागेवर ठेवला. मी म्हटलं, "एक वर्ष थांब. दुसरं प्रथिन घेऊ." ती म्हणाली, "मॅडम, दुसऱ्याचंही असंच झालं तर?"  

यंदा होर्डिंगं चढली आणि त्याच आठवड्यात सरांची मेल आली. नवं प्रथिन, नवा नकाशा, नवा विद्यार्थी. कुणाच्या तरी स्फटिकात बसत नाही, संगणकाच्या अंदाजातही बसत नाही. 'तुमच्या त्या विद्यार्थिनीने तेव्हा एक पद्धत वापरली होती, ती मिळाल्यास उपकार होतील.' तुमच्या त्या विद्यार्थिनीने. नाव आभारात छापलं होतं, तरी लक्षात राहिलं नव्हतं.

मी नकाशा लॅपटॉपवर घेतला आणि लातूरची एसटी पकडली. हे काम फोनवर झालं असतं. पण मला ती ते बघताना बघायची होती.

परीक्षेच्या आधीचं लातूर म्हणजे सगळं गाव पाठ करत असल्यासारखं असतं. होस्टेलच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, मेसच्या डब्यांची रांग, चहाच्या टपरीवर हातात नोट्स धरून फुंकर मारणारी पोरं, आणि पोरांना भेटायला आलेल्या आया झाडाखाली पिशव्या मांडीत घेऊन गप्प बसलेल्या. क्लासच्या मागच्या खोलीत कूलरसमोर नाझनीन उत्तरपत्रिका तपासत होती. केसांत आता कापूस नव्हता.

"मॅडम! कळवलं असतं तर मेसला सांगितलं असतं. काय अवतार केलाय, उन्हात चालत आलात का?"

"रिक्षावाला तुझ्या क्लासचं नाव ऐकून जास्त मागत होता."

"मग द्यायचं ना. माझ्या नावावर लई चालतं इथं." ती हसली. मी लॅपटॉप उघडला तेव्हा हसू तसंच राहिलं, फक्त डोळे पडद्याकडे गेले. "कुणाचा?"

"त्यांचाच. नवा."

"बसत नाही का?"

"नाही."

तिने लाल पेन टोपण लावून बाजूला ठेवलं. खुर्ची ओढली. आधी पट्टी तपासली. पट्टी बरोबर होती. तेवढं ते शिकले होते. मग तिने नकाशा जवळ घेतला, एक पीळ पकडला आणि तो हळूहळू फिरवत वर गेली. बोटं अजून तशीच चालत होती. मी पडद्याकडे बघत नव्हते. मी तिच्याकडे बघत होते. ती एका जागी थांबली, परत खाली आली, दुसरा पीळ धरला, आणि तिच्या तोंडातून जुना आवाज निघाला, जिभेचा छोटा चकचक.

"आरशातला आहे हो हा."

मी वाकून बघितलं. खरंच. सगळे पीळ उलट्या हाताने चढत होते. अशी चूक या पद्धतीत होऊ शकते. सपाट फोटोंवरून आकार उभा करताना संगणकाला मूळ वस्तू आणि तिचं प्रतिबिंब यांत फरक कळत नाही. माणसाने बघून ठरवायचं असतं. तिकडे बघणारं कुणी नव्हतं.

"एका क्लिकचं काम आहे," ती म्हणाली. "उलटा केला की बसेल."

"कळवू त्यांना?"

 बाहेर घंटा झाली, जिन्यावर पावलांचा लोंढा चढायला लागला.

"नाव विचारलं का त्यांनी माझं?"

"नाही."

"मग तुम्हाला वाटेल ते करा, मॅडम. माझा तास आहे." तिने लॅपटॉप हलक्या हाताने मिटला आणि खडूचा डबा उचलला.

मी पाठोपाठ गेले आणि हॉलच्या दाराशी उभी राहिले. शेवटच्या बाकापर्यंत पोरं होती. नाझनीन बोलायला लागली आणि हॉल चिडीचूप झाला. प्रथिनांचाच धडा होता. तिने फळ्यावर स्प्रिंग काढली, मग खडू ठेवून उजवा हात वर केला. अंगठा आभाळाकडे, बोटं वळवलेली.

"सगळ्यांनी हात वर करा. उजवा. अंगठा वर. आता बोटं ज्या बाजूने वळतात, तसाच प्रथिनातला पीळ वर चढतो. डावा दिसला की समजायचं, बघणाऱ्याचं चुकलं."

अख्ख्या हॉलने हात वर केले. मधल्या रांगेतून एका पोरीने विचारलं, "मॅम, हे परीक्षेला येतं का?"

नाझनीनने खडू परत उचलला. मला ती बाजूने दिसत होती.

"न्हाई येत," ती म्हणाली. "हात खाली घ्या. पान उलटा."

मी तिला न भेटताच निघाले. नांदेडच्या गाडीत खिडकी मिळाली. सीटचं रेक्झिन तापलेलं. मी सरांना उत्तर लिहिलं: 'तुमच्या नकाशात मूलभूत चूक आहे. छापू नका. ज्यांना ती पाहताक्षणी दिसली त्या नाझनीन आता या कामात नाहीत.' चूक कोणती ते लिहिलं नाही. पाठवून दिलं.

अहमदपूर यायच्या आधी त्यांचा फोन आला. शेजारची बाई म्हणाली, "घ्या की बाई, कुणाचं तरी काम असंल."

"आहे," मी म्हटलं, आणि तो वाजू दिला.